वाळूवरचे जलावतरण

कोरड्या वाळूवर उभ्या असलेल्या होडीचे जलावतरण तुम्ही कधी पाहिले आहे काय?

मी पाहिले आहे. मांडवासकट, हारांसकट, टाळ्यांसकट पाहिले आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर फेसाळत होता, होडी ओंडक्यांवर ठाम बसली होती आणि मधल्या वाळूत खुर्च्या टाकून बसलेली मंडळी एकमेकांना सांगत होती की मच्छीमारांच्या आयुष्यात आज नवे युग उजाडले. युग उजाडताना इतका धूर होतो हे मला तोवर ठाऊक नव्हते.

ही गोष्ट गेल्या आषाढातली, दादरच्या किनाऱ्यावरची. मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते.

आम्ही लालबागच्या एका चाळीत राहतो. घर मूळचे मालवणाकडचे. वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवतात आणि मॅट्रिकनंतर मीही तिथेच मुद्रिते तपासायला जाते. दिवसा तिथे लग्नपत्रिका आणि दुकानांची पावतीपुस्तके छापतात, संध्याकाळी पत्रके. मी लहान असताना ती संपाची असत, मग स्वातंत्र्याची झाली, आता संयुक्त महाराष्ट्राची आहेत. शाई फासलेली, तिरकी छापलेली पत्रके वडील घरी आणत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी शाळेची गणिते सोडवली आणि छापील बाजूवर अक्षरे ओळखायला शिकले. इतर मुली 'कमळ बघ' वाचत तेव्हा मी 'मालकशाहीचा डाव हाणून पाडा' वाचत होते.

एवढे करूनही ढीग संपत नसे. उरलेला ढीग आमच्याकडे येणारी कोळीण घेऊन जाई. पावसाळ्यात ती सुकट आणि सुके बोंबील विकते, त्यांच्या पुड्या बांधायला तिला कागद लागे. गेल्या काही वर्षांत लालबाग-परळमध्ये चळवळीचा जो प्रचार झाला, त्यातला निम्मा तिच्या सुकटीबरोबर घराघरांत गेला असेल.

तिचा नवरा नाखवा, म्हणजे स्वतःच्या होडीचा धनी. शिडाची होडी होती. तिच्यावर तो, त्याचा भाऊ आणि दोन खलाशी अशी माणसे जात. आलेली मासळी किनाऱ्याला लागली की नाखविणीची, आणि तिथून पुढे ती टोपलीत घालून डिलाईल रोडपासून लालबागपर्यंतच्या चाळी तिच्या. आमच्या दारात बसून ती आणि आई ज्या आवाजात भाव ठरवत, त्या आवाजात दुसऱ्या दोघी बोलल्या असत्या तर चाळीने पोलीस बोलावले असते.

एका सकाळी ती टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, आमचे होरीला सरकार मशीन देतंय."

"फुकट?" आईने विचारले.

"अर्धा सरकारचा, अर्धा आमचा."

"म्हणजे आता मासळी स्वस्त होणार म्हण."

"मी म्हाग होनार. मशीनवाली नाखवीन झाल्यावर तुज्यासंगती घासाघीस कराला माना येल मिलाचा नाय."

"तू आत्ता कुठे स्वस्त आहेस गो?" आई म्हणाली, आणि पापलेटाचे कल्ले उघडून बघू लागली.

तेव्हा माझे लक्ष नाखविणीच्या हातांकडे गेले. नेहमीच्या सोन्याच्या पाटल्या नव्हत्या. हिरवा चुडा तेवढा होता. अर्धा हिस्सा कुठून आला हे विचारायची गरज राहिली नाही.

आता योजनेविषयी. ही योजना एका सरकारी खात्याची. मच्छीमारांच्या सोसायटीमार्फत होडीवाल्यांना डिझेल इंजिनासाठी अनुदान द्यायचे. हेतू छापील कागदावर दोन सांगितलेले: कोळ्यांची स्थिती सुधारावी आणि समुद्रातली मासळी पिढ्यानपिढ्या टिकावी. दोन्ही हेतू उत्तम आहेत. वाईट हेतूची योजना मी अजून एकही वाचलेली नाही आणि मी खूप वाचल्या आहेत.

कोळ्यांची आठवण सरकारला का झाली हेही उघड आहे. आमच्या बाजूच्या पत्रकांत कोळी नेहमी पहिल्या परिच्छेदात येत, 'मुंबईचे मूळ धनी' म्हणून. दुसऱ्या परिच्छेदापासून ते जे नाहीसे होत ते शेवटच्या घोषणेपर्यंत परत येत नसत. सरकार पक्षाच्या पत्रकांत त्यांना तेवढीही जागा नव्हती. मग निवडणूक झाली, दादर आणि लालबागने सरकार पक्षाला घरी बसवले, आणि मुंबईत आपल्यावर कोण रागावलेले नाही याचा शोध घेता घेता त्या पक्षाला एक दिवस समुद्रकिनारा सापडला.

इंजिन आले ते माघात. ते बसवायचे म्हणजे होडी कापायची. मागच्या बाजूला भोक पाडून त्यातून पंख्याचा दांडा बाहेर काढला. इंजिनाच्या बैठकीसाठी मधल्या फळ्या तोडल्या. डोलकाठीला जागा उरली नाही म्हणून ती उपटून काढली. इंजिन कंपनीचा माणूस येऊन सगळे जोडून गेला आणि नाखव्याला सांगून गेला की हे इंजिन समुद्राचे पाणी आत ओढते, त्या पाण्यावर थंड राहते, म्हणून ते पाण्यात असतानाच चालवायचे. नाखव्याने मान डोलावली. होडी पाण्यात नसताना कोण कशाला चालवील, असे त्याला वाटले असणार. ते त्याचे चुकले, पण त्याने तोवर खात्याचा समारंभ पाहिला नव्हता.

नियम असा की समारंभ झाल्याशिवाय अनुदान पक्के होत नाही. साहेबांच्या, म्हणजे खात्याच्या मंत्र्यांच्या, हस्ते होडी पाण्यात जायची, फोटो निघायचा, मगच कागदावर शेवटची सही; तोवर होडी वाळूवरच. समारंभ आधी फाल्गुनात ठरला. पण त्या दिवसांत साहेब दिसला की मुंबईत काळी निशाणे निघत, म्हणून तो चैत्रात गेला. चैत्रात साहेबांचा दौरा निघाला. वैशाखात दिल्ली होती. ज्येष्ठात कुणीतरी शहाण्याने सुचवले असावे की भर पावसात मोर्चा निघत नाही. तेव्हा मुहूर्त आषाढातला निघाला.

समारंभाची निमंत्रणपत्रिका छापायला सोसायटीचे अध्यक्ष आमच्याच छापखान्यात आले. तेही कोळीच, पण समुद्राशी संबंध सुटून बरीच वर्षे झालेली. पावसातही कोट घालतात. पुढचे इंजिन त्यांच्या भावाच्या होडीला मिळायचे होते.

वडिलांनी हस्तलिखित हातात घेतले आणि चष्मा वर केला.

"आषाढात जलावतरण?"

"तुम्ही खिळे जुळवा," अध्यक्ष म्हणाले.

"खिळे जुळतील हो. दर्या जुळायला हवा."

"साहेबांना श्रावणात सवड नाही."

"आणि दर्याला आषाढात आहे?"

"तुमच्या समितीवाल्यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"आम्हाला पंचांगही दिसते," वडील म्हणाले आणि जुळवायला बसले. पत्रिका सुबक निघाली. वर होडीच्या चित्राचा एक ठोकळा होता, शिडाची होडी. इंजिनाच्या होडीचा ठोकळा छापखान्यात नव्हता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. कोळी लोक पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत. लाटा तर असतातच, शिवाय याच महिन्यांत मासळीच्या पोटात गाभोळी असते. अंडी घालायला तिला फुरसत मिळते ती तेवढ्या काळात. म्हणजे मासळी टिकवण्यासाठी पैसे देणारे खाते ज्या महिन्यांत मासळी टिकते नेमक्या त्याच महिन्यांत होडी समुद्रात ढकला म्हणत होते.

जमातीने, म्हणजे वस्तीतल्या पंच मंडळींनी, नकार दिला. अध्यक्षांनी खूप घासाघीस करून पाहिली. यंदापुरता नारळ लवकर द्यावा, असेही सुचवले.

"पुनव पुढंमागं कराला ती काय तुजी मीटिंग हाय?" एका म्हाताऱ्या पंचाने विचारले. हे मला नाखविणीने नंतर हसत हसत सांगितले. तेव्हा ती अजून हसत होती.

शेवटी तडजोड निघाली, आणि अशी तडजोड फक्त अध्यक्षांनाच सुचू शकते. होडी पाण्यात घालायची नाही. भरतीच्या रेषेच्या अलीकडे ओंडक्यांवर उभी करायची, तोंड समुद्राकडे. साहेब फीत कापतील आणि इंजिन तिथेच चालू होईल. फोटोत मागे समुद्र येईल. जमातीचे म्हणणे राहील, साहेबांचे जलावतरण होईल, शेवटची सही मिळेल. खात्याने हे मान्य केले. खात्याला फोटो हवा होता, समुद्राचे त्याला काही नव्हते.

नाखविणीने आईला बोलावणे केले. आईला पावसात जायचे नव्हते म्हणून तिने इंजिनाला वाहायची हळदकुंकवाची पुडी माझ्या हाती दिली. लालबागहून मी ट्रामने दादरला गेले आणि तिथून चालत किनाऱ्यावर. पाऊस नुकताच थांबला होता. मांडवाच्या मधोमध खांब म्हणून एक लांब, गुळगुळीत डोलकाठी उभी होती. कुणाची ते मी ओळखले. एका नव्या युगासाठी एवढ्या वस्तू लागतात.

होडी मात्र सुरेख दिसत होती. निळा रंग, पिवळी पट्टी, पुढच्या टोकाला, नाळेवर, झेंडूचा हार. नाखवीण नवे लुगडे नेसून होडीच्या कडेला हात ठेवून उभी होती, लग्नात वरमाय उभी राहते तशी. मी पुडी दिली तेव्हा तिने माझ्या कपाळालाही कुंकू लावले.

तेवढ्यात नाखव्याचा आणि पंचांचा वाद सुरू झाला. कंपनीच्या माणसाचे शब्द नाखव्याला ऐन वेळी आठवले होते. तो म्हणत होता की इंजिन सुके चालणार नाही, समुद्राचे पाणी एका पिंपात भरून आणू आणि त्यात नळी सोडू.

सोपी गोष्ट होती. पिंप होते, समुद्र होता, माणसे होती. पण म्हातारा पंच पुढे आला.

"होरी दर्यान जाल नाय, आसा ठरलाय."

"होरी कुठं जातंय?" नाखवा म्हणाला. "पानी यतंय."

"ताच तं. दर्या होरीचे पोटान गेला, मग नारल कंचे तोंडानी देशील?"

"पिंपभर पानी म्हंजे दर्या?"

"मग काय बावडी?"

आणि त्या वाळूवर, खुर्च्या मांडून झालेल्या असताना, पिंपभर पाणी म्हणजे समुद्र की नव्हे यावर चर्चा सुरू झाली. मी पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. तात्त्विक मतभेदावरून फुटलेल्या कार्यकारिणीही पाहिल्या आहेत. पण इतक्या एकाग्रतेने चाललेली चर्चा मी पाहिलेली नाही. एक पंच म्हणाला की समुद्रातून बाहेर काढले की ते नुसते खारे पाणी. दुसरा म्हणाला की मग नारळी पौर्णिमेला घरात बसून पिंपात नारळ टाकू या. लोक हसले. नाखवा हसला नाही. तो एकदा इंजिनाकडे बघे, एकदा पंचांकडे. शेवटी तो म्हणाला, विहिरीचे आणतो. विहीर वस्तीच्या पार मागच्या अंगाला. माणसे घागरी शोधायला गेली आणि त्याच वेळी रस्त्यावर मोटार थांबली. तिच्यामागे पोलिसांची जीप.

अध्यक्षांचा मेहुणा परळच्या एका गॅरेजमध्ये लॉऱ्या दुरुस्त करतो. त्याला इंजिन चालू करायला आणले होते. तो म्हणाला, "दोन मिनिटं सुकं चाललं तर काही होत नाही. लॉरी नाही का चालत?"

"दोन मिनिटंच," नाखवा म्हणाला.

"फीत कापली की बंद," अध्यक्षांनी शब्द दिला.

हा शब्द खोटा नव्हता. दोन मिनिटांत काही झालेही नसते. पण साहेब बोलणार आहेत हे या हिशेबात कुणी धरले नव्हते.

साहेबांनी फीत कापली. मेहुण्याने हँडल मारले. इंजिन खोकले, थरथरले आणि धडधडू लागले, होडी ओंडक्यांवर नाचू लागली, पोरे ओरडली, बायकांनी कानांवर हात ठेवले. मागे पंखा हवेत फिरत होता. फोटो निघाला. नाखव्याने इंजिन बंद करायच्या खटक्याकडे हात नेला.

"राहू द्या, राहू द्या," साहेब म्हणाले. "हा प्रगतीचा आवाज आहे. तो मागे असला म्हणजे बोलायला हुरूप येतो."

मग त्यांनी सुरुवात केली. भाषण मराठीत होते असे समजायला हरकत नाही. मुंबई ही साऱ्यांची आहे, तिच्या वादात दर्यावर्दी बांधवांनी पडू नये, त्यांनी जाळ्याकडे लक्ष द्यावे. नॉर्वेत असे असते, जपानात तसे असते. मासळी ही राष्ट्राची ठेव आहे, ती जपून वापरली पाहिजे, पूर्वजांनी हे जाणले होते परंतु त्यांना यंत्राची जोड नव्हती. साहेबांचे प्रत्येक वाक्य 'आणि म्हणून' या शब्दांवर येऊन थांबे आणि तिथून नवे वाक्य फुटे.

वास पहिल्यांदा नाखविणीला आला. मी तिच्या शेजारीच होते. तिने नाक उचलले, होडीच्या कडेवरून हात काढला आणि नवऱ्याला म्हणाली, "बंद कर."

नाखव्याने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी खुर्चीतूनच पंजा दाखवला, म्हणजे थांब. मग तो पंजा साहेबांच्या दिशेने वळवला, म्हणजे त्यांचे वाक्य संपू दे.

वाक्य जपानात होते.

"आरं बंद कर, जलतंय," नाखवीण मोठ्याने म्हणाली आणि पुढे निघाली. एका हवालदाराने हात आडवा केला. "बाई, भाषण चालू आहे."

"तुज्या भासनाला..." असे तिने सुरू केले, आणि पुढचे शब्द इंजिनाच्या आवाजात गेले. ते छापता आले नसते. धूर आधी निळा होता, मग काळा झाला. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले की हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. मेहुणा आता इंजिनावर वाकला होता आणि त्याचा चेहरा लॉरीवाल्याचा राहिला नव्हता. मग आत काहीतरी दातओठ खाल्ल्यासारखे करकरले, एकच मोठा दणका झाला आणि सगळे थांबले. इतकी शांतता पसरली की लाटा ऐकू आल्या.

साहेबांनी मागे वळून पाहिले आणि संतोषाने मान हलवली. "बंद केलंत ते बरं केलं," ते म्हणाले. "आता शेवटचे दोन मुद्दे."

ते त्यांनी सावकाश मांडले. आमच्यातले कुणी उठून त्यांना गप्प केले नाही. मोर्चात ज्यांचा आवाज परळच्या नाक्यापासून ऐकू येतो असे माझ्या ओळखीचे दोघे तिथे होते. भाषण संपेपर्यंत उभे राहायचे, ही शिस्त आम्ही सगळ्यांनी पत्करलेली आहे, मग बोलणारा कोणत्याही बाजूचा असो.

विहिरीचे पाणी घेऊन माणसे परतली तेव्हा चहा वाटला जात होता. ते पाणी कपबशा विसळायला उपयोगी पडले.

पुढे काय झाले ते सांगायला फार जागा लागत नाही. खात्याचा तपासनीस आला. त्याने इंजिनावर पोते गुंडाळले, सुतळी बांधली, लाखेचे सील ठोकले. चौकशी पुरी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सील तुटले तर अनुदान रद्द आणि पैसे परत. चौकशी कशाची, तर चालकाने इंजिन पाण्याशिवाय चालवले याची. चालक म्हणजे नाखवा. साहेब, अध्यक्ष, मेहुणा, हवालदार, सगळे त्या दिवशी पाहुणे होते. दुरुस्तीला योजनेत तरतूद नाही. नव्या इंजिनाला आहे, पण ज्याला एकदा मिळाले त्याला नाही. फोटो मात्र खात्याच्या वार्षिक पुस्तिकेत आला आहे. समुद्र अगदी जवळ दिसतो.

नारळी पौर्णिमेला जमातीने थाटात मिरवणूक काढली आणि समुद्राला नारळ दिला. रीत मोडली नाही म्हणून म्हातारा पंच समाधानी होता. सगळ्या होड्या पाण्यात गेल्या. एक गेली नाही. तिला डोलकाठी नव्हती, मागे भोक होते आणि पोटात गोणपाटात बांधलेले लोखंड. ती ना शिडाची राहिली ना इंजिनाची. नाखवा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. नाखवीण पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावात मासळी घेते आणि विकते. पूर्वी तिच्या टोपलीत नवऱ्याने आणलेले असे, त्याचा भाव ती ठरवत असे. आता तिला तो ठरवून मिळतो. आमच्या दारात ती पूर्वीसारखी भांडत नाही. आईने एकदोनदा मुद्दाम कमी भाव सांगून पाहिला. तिने मुकाट्याने मासळी दिली. आई दिवसभर अस्वस्थ होती.

आमच्या लोकांनी काय केले? एक पत्रक काढले. मथळा चार ओळींचा होता, मुद्रिते मीच तपासली. द्वैभाषिक राज्याचा ढोंगीपणा, लोकांच्या पैशांचा धूर, सारे त्यात होते. इंजिन कसे दुरुस्त होईल याबद्दल एक ओळ नव्हती. वडिलांच्या एका स्नेह्याने नाखविणीला सभेत बोलायला बोलावले. म्हणाले, तुमच्या तोंडून ऐकले की लोक पेटतील.

"येक मशीन पेटला ता बास नाय काय?" ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली. त्या पत्रकाचा गठ्ठा तिने नेला. यंदाची सुकट त्यात बांधली जाते आहे.

परवा ती आमच्याकडे आली. पुन्हा पावसाळा तोंडावर आहे. ती दारात बसली, टोपलीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"फल्या सुकून फाकाला लागल्यान," ती म्हणाली. "या पुनवेला होरी दर्यान नाय गेली तं ती होरी नाय. सरपन."

"चौकशीचं काय झालं?" मी विचारले.

"चौकशी चालली हाय. ती चालाला पानी लागत नाय."

आई म्हणाली, "मग गो?"

"सील मी तोडतंय." तिने हे बाजारातला भाव सांगावा तसे सांगितले. "नाखव्यानी तोडला तं त्याला धरतीन. मी तोडतंय, दिवसाढवल्या, चार मानसांसमोर. सरकारनी आपला अर्धा मागावा, मी टोपली इकीन पन देन. पन माना मशीन खोलनारा मानूस पायजे. लॉरीवाला नको."

आई माझ्याकडे बघू लागली. मी लिहिते, हे तिला ठाऊक आहे. लिहून इंजिन खुलत नाही, हेही तिला ठाऊक आहे. पण परळ-लालबागमध्ये ज्यांना इंजिन खोलता येते त्यांच्या घरात छापील कागद जातो, एवढे मी जाणते.

म्हणून तुम्हाला विचारते आहे. तुम्ही परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर असाल, एखाद्या गिरणीच्या यंत्रखात्यात असाल, लेथवर काम करत असाल, किंवा तुमच्या चाळीत, तुमच्या मजल्यावर असा कुणी राहत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. पिस्टन आत जखडला आहे. तो फोडल्याशिवाय बाहेर काढता आला पाहिजे, सिलिंडर घासून पाहिला पाहिजे, पाण्याचा पंप नवा बसवला पाहिजे. सुटे भाग मिळवायचे काम आम्ही काहीजणांनी अंगावर घेतले आहे. ज्येष्ठातल्या पहिल्या रविवारी, सकाळी ऊन चढायच्या आत, आपली हत्यारे घेऊन दादरच्या किनाऱ्यावर या. पिवळ्या पट्टीची निळी होडी विचारा, कुणीही दाखवील. नाखवीण तिथे असेल. तिने सील तोडले की तुम्ही कामाला लागा.